टिपणीससाहेबांच्या तीनशे मच्छरदाण्या

अशोक टिपणीस हे नाव घेतलं की मला आधी त्यांचा रुमाल आठवतो. कोटाच्या वरच्या खिशात तीन टोकं काढून खोचलेला. बहारीनच्या उन्हाळ्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावतानाही माणूस दोनदा विचार करतो. तिथे हा गृहस्थ कोट घालून हिंडायचा, आणि घाम पुसायला पँटच्या खिशातून दुसरा रुमाल काढायचा. वरचा रुमाल फक्त लोकांनी बघण्यासाठी होता.

ते मूळचे दादरचे. एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि आमच्या तिथल्या मराठी मंडळींत त्याहून मोठ्या. गणपती असो, कोजागिरी असो, कुणाचा निरोपसमारंभ असो, माइक फिरून फिरून त्यांच्याच हातात जायचा. बोलण्याआधी ते माइकवर नखाने दोनदा टिचकी मारत, आवाज येतोय हे दिसत असलं तरी. मग डोळे मिटून क्षणभर थांबत. त्या थांबण्यावर आमच्या काही बायका फिदा होत्या. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, हा माणूस आता शिंकणार.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठलीही अडचण सांगा, कुठलीही चूक दाखवा, ते मान तिरकी करून म्हणायचे, "ते ठीक आहे हो, पण भावना पोचली पाहिजे." जेवण थंड झालं, भावना पोचली पाहिजे. मुलांचं नाटक तीन तास लांबलं, भावना पोचली पाहिजे. ती कुठून निघून कुठे पोचायची आणि पोचल्यावर तिथल्या माणसाने तिचं काय करायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी मनामाच्या गुदैबिया भागातल्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी, आणि बाकी वेळ नवऱ्याचा डबा. अशा बाईची टिपणीसांसारख्यांशी गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. पडली ती डॉक्टर इद्रीसमुळे, आणि ती मीच घालून दिली. तेव्हा पुढे जे काही म्हणणार आहे त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

डॉक्टर इद्रीस सुदानचे. उंच, सावकाश बोलणारे. पेशंट मल्याळी असो, पठाण असो की आपल्या रत्नागिरीकडचा, त्याचा हात हातात घेतल्याशिवाय ते काही विचारत नसत. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मध्येच एखादा अरबी शब्द. त्यांचं गाव निळ्या नाईलच्या काठाला, सिंगा नावाच्या शहरापासून आणखी आत. तिथे त्यांची धाकटी बहीण आमना सुईण होती. आजूबाजूच्या चार-पाच वस्त्यांत मिळून ती एकटीच.

पंचाण्णवच्या जानेवारीत एकदा चहा पिताना ते म्हणाले, की आमनाला दिवस गेलेत. वय चाळिशीला टेकलेलं, आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. या वेळचं बाळंतपण सप्टेंबरात, म्हणजे ऐन मलेरियाच्या दिवसांत. पोटुशा बाईला मलेरिया झाला की काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती. माझे वडील हिवताप खात्यात होते. बार्शी तालुक्यात सायकलवरून खेडोपाडी फिरायचे, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचे आणि फवारणी झालेल्या घराच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायचे. मलेरियाचा जंतू मी सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून.

"मग तिला एक मच्छरदाणी पाठवून द्या ना," मी म्हटलं.

"पाठवली होती. तिने एका बाळंतिणीला देऊन टाकली." इद्रीसनी खिशातून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. आमनाने लिहिलं होतं, की ज्यांची बाळंतपणं मी करते त्या उघड्यावर निजणार आणि मी जाळीत निजू? सगळ्या गावाला पाठव, मग मीही निजेन.

सगळं गाव म्हणजे तीनशे अंथरुणं. आणि मुदत जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस लागला की सिंगाच्या पुढचा रस्ता बंद. इद्रीस चिखलाचं वर्णन करायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. काळी माती मला कुणी समजावून सांगायला नको. बार्शीकडे आमची बैलगाडी रुतली की चाकं दिसेनाशी व्हायची. त्यांच्याकडे लॉरी रुतली की ती नोव्हेंबरातच निघते, एवढाच फरक.

म्हणजे काम एवढंच होतं. तीनशे मच्छरदाण्या, जूनच्या आधी. मी आणि इद्रीसनी दवाखान्यातल्या लोकांकडून वर्गणी काढली असती आणि युसुफभाई शिंप्याला गाठलं असतं, तरी झालं असतं. पण मला घाई होती, आणि माणसं टिपणीसांकडे होती. मी इद्रीसना त्यांच्या घरी घेऊन गेले.

टिपणीसांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा डोळेही मिटले. मग म्हणाले, "कल्पना फार सुंदर आहे. पण गाव नको. गावाला कोण विचारतो, मिसेस घोडके? आफ्रिका म्हणा. आफ्रिका म्हटलं की माणूस हलतो."

इद्रीस म्हणाले, "पण मला एकाच गावाला पाठवायच्या आहेत."

"पाठवा की. आपण नाव आफ्रिकेचं ठेवू."

मग समिती झाली. पहिल्या दोन बैठका नावावर गेल्या. एक गट म्हणे मलेरिया, दुसरा म्हणे आपण परदेशात आहोत म्हणून काय झालं, हिवताप म्हणा. शेवटी 'आफ्रिका हिवताप निर्मूलन साहाय्य निधी' असं नाव ठरलं, जे एका दमात म्हणता येत नसे. लेटरहेड छापून आलं. त्यावर आफ्रिकेचा नकाशा आणि नकाशावर बसलेला एक डास. मी म्हटलं, हा डास चुकलाय. मलेरियाचा डास असा सपाट बसत नाही, मागचा भाग वर उचलून बसतो. टिपणीसांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"मिसेस घोडके, लेटरहेडवर ते बरं दिसणार नाही."

रमजान आटोपल्यावर मार्चमध्ये झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात 'सफारी नाइट' झाली. तिची आठवण काढताना मला अजून अंगावर काहीतरी चढल्यासारखं होतं. दारात थर्माकोलची झोपडी. तिच्या दोन्ही बाजूंना आमच्याच दोन बँकवाल्यांची मुलं, तोंडाला काजळी फासून, कमरेला झाडाची पानं लावून, हातात पुठ्ठ्याचे भाले घेऊन उभी. बायका बिबट्याच्या ठिपक्यांच्या साड्या नेसून आल्या होत्या. कुठे मिळाल्या देव जाणे. जेवणात 'काँगो कोफ्ता' होता, म्हणजे आपला दुधीचा. टिपणीसांनी शिकाऱ्याची टोपी घातली होती आणि कोटाच्या खिशात रुमाल होताच.

त्यांनी दिवे घालवायला लावले. "इमॅजिन करा," अंधारात त्यांचा आवाज आला, "तुम्ही एका आफ्रिकन झोपडीत आहात." आणि मोठ्या स्पीकरमधून डासाचा गुणगुणाट सोडला. लोक हसले. कुणीतरी स्वतःच्या दंडावर चापट मारली, त्यावर आणखी हसले. दिवे आले तेव्हा टाळ्या पडत होत्या.

इद्रीस पांढराशुभ्र पायघोळ जलाबिया आणि डोक्याला पागोटं अशा वेशात आले होते. ते त्यांचे सणाचे कपडे होते, पण मंडळींना वाटलं तेसुद्धा कार्यक्रमाला साजेसं सजून आले. एका बाईंनी त्यांना कौतुकाने विचारलं, "हे तुम्ही इथे शिवून घेतलंत?" त्यांना स्टेजवर बोलावलं. ते दोनच वाक्यं बोलले. जूनच्या पंधरा तारखेच्या आत तीनशे जाळ्या माझ्या गावाला पोचायला हव्यात. तुम्ही सगळे आलात, अल्ला तुमचं भलं करो. आणि खाली बसले. टिपणीसांनी माइक घेतला, दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "डॉक्टर भावनाविवश झाले आहेत." मग सोडत काढली. पहिलं बक्षीस मिक्सर होता.

तेवढ्यात दारातल्या एका भालेवाल्याने भोकाड पसरलं. काजळी डोळ्यात गेली होती. त्याची आई सोडतीत अडकलेली. इद्रीसनी त्याला खुर्चीवर बसवलं, बाटलीतल्या पाण्याने डोळे धुतले, काळं पाणी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर ओघळत राहिलं. परतताना गाडीत मी माफी मागायला लागले. ते म्हणाले, "पोरं गोड होती." तेवढंच. नंतर सखीरच्या बाजूचं वाळवंट मागे पडेपर्यंत माझा नवरा उगीच एसी कमीजास्त करत होता.

युसुफभाई मुकादमांचं शिलाईचं दुकान दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. म्हसळ्याचे. मनामाच्या बाजारातून जाळीचे तागे आणून त्यांनी आणि त्यांच्या दोन कारागिरांनी दहा एप्रिलच्या आत तीनशे मच्छरदाण्या शिवून ठेवल्या. शिलाई निम्मीच घेतली, म्हणाले सवाबचं, पुण्याचं काम आहे. त्यांचा मामेभाऊ जहाजाच्या एजंटाकडे होता. अठरा एप्रिलला पोर्ट सुदानला जाणाऱ्या बोटीत गठ्ठे फुकट चढवून देतो म्हणाला. इद्रीस दहा तारखेलाच दुकानात आले, एक मच्छरदाणी हातात घेऊन उजेडात धरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि युसुफभाईंच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी टिपणीस दुकानात आले. त्यांनीही एक मच्छरदाणी उजेडात धरली. म्हणाले, "यात डोनर कुठे दिसतो?"

आपल्याकडे देवळाला पंखा देणारा पंख्याच्या पात्यावर नाव घालतो. पंखा फिरायला लागला की ते कुणाला वाचता येत नाही, तरी घालतो. बाकावर नाव, घंटेवर नाव, पायरीवर नाव, स्टीलच्या पातेल्यावर तर ते कुणाच्या लग्नात मिळालं तेही. टिपणीसांना आपली माणसं नीट ठाऊक होती, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी ठरवलं, प्रत्येक मच्छरदाणीवर देणाऱ्याच्या नावाची कापडी पट्टी लावायची. उशाच्या बाजूला, निजणाऱ्याच्या डोळ्यासमोर येईल अशी. आणि मंडळींनी ही कल्पना उचलून धरली. जी माणसं वर्गणी देताना घड्याळ बघत होती, ती नाव कसं लिहायचं हे सांगायला दोन-दोनदा फोन करू लागली.

युसुफभाईंनी मला बोलावून घेतलं. "ताई, तुमी सांगा ना त्या साहेबाला. जाळीवर कापड मारलं का जाळी वढ खाणार. तितंच फाटंल. डास काय नाव वाचून माघारी जानार हाय?"

मी टिपणीसांना फोन केला. पट्टी लावायचीच तर खाली काठावर लावा, आणि अठराची बोट चुकवू नका.

"मिसेस घोडके, काठावर कोण बघणार? आणि नुसत्या जाळ्या पाठवायला आपण काय कुरियर कंपनी आहोत? भावना पोचली पाहिजे."

अठराची बोट गेली. पट्ट्या भरतकामाच्या मशिनवर करायच्या होत्या, तो कारागीर सुट्टीवर होता. पट्ट्या झाल्या तर कुणाच्या नावामागे 'सौ.' राहिलं, कुणाला 'सहकुटुंब' हवं होतं, एका डॉक्टरांना डिग्री हवी होती. एक गृहस्थ आपल्या मच्छरदाणीसोबत फोटो काढायला सहकुटुंब दुकानात आले आणि ती गठ्ठ्याच्या तळाशी होती म्हणून सगळा गठ्ठा सोडवला.

आणि माझं. इथे मी स्वतःला वगळलं तर सगळंच खोटं होईल. माझीही एक पट्टी होती. 'कै. नामदेव काशिनाथ माने, हिवताप कर्मचारी, यांच्या स्मरणार्थ.' मी ती कुणाला न सांगता दिली होती, आणि बाबांचं नाव मलेरियाच्या गावात जाणार म्हणून मनात सुखावले होते. बघायला गेले तर कारागिराने ती चुकून पायथ्याशी लावलेली. बाबांचं नाव कुणाच्या पायाशी, हे मला सहन झालं नाही. मी युसुफभाईंना म्हटलं, एवढी एक बदलून उशाशी लावा. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी उसवायला घेतली. मे महिन्याची पाच-सहा तारीख होती. त्या दिवशी मी टिपणीसांना नावं ठेवायचा हक्क गमावला, पण तोंड काही बंद ठेवलं नाही.

मग समारंभ. हस्तांतरणाचा सोहळा केल्याशिवाय मच्छरदाण्या हलणार नव्हत्या, आणि त्याला मोठा पाहुणा हवा होता. ठरलेले पाहुणे परदेशी गेलेले. तारीख मिळाली एक जूनची. दर गुरुवारी इद्रीस टिपणीसांना फोन करत. माझ्या समोरच करत, म्हणून मला माहीत आहे. "मिस्टर टिपणीस, बोट?" एवढंच विचारत, आणि पलीकडचं लांबलचक ऐकून "शुक्रन" म्हणून आभार मानत फोन ठेवत. एकदा मी म्हटलं, तुम्ही ओरडत का नाही? ते म्हणाले, "मागणारा माणूस कसा ओरडेल, मीना?" मला त्यांचाही राग आला. इतका राग की त्या दिवशी मी दोन स्लाइड्स फोडल्या.

एक जूनला सोहळा झाला. पाहुण्यांनी एक मच्छरदाणी इद्रीसच्या हातात दिली, फोटो काढला, फ्लॅश उडाला नाही म्हणून परत दिली. टिपणीस पंचवीस मिनिटं बोलले. गठ्ठे चार तारखेला बोटीवर चढले, महिना संपताना पोर्ट सुदानला उतरले आणि जुलैच्या मध्यावर सिंगाला पोचले. तिथून पुढचा रस्ता पावसाने कधीच बंद केला होता. सगळ्या मच्छरदाण्या सिंगाच्या एका गोदामात जाऊन पडल्या. आमना तिथून कोरड्या दिवसांतल्या एका दिवसाच्या वाटेवर, सातव्या महिन्यात.

टिपणीस तोवर सहकुटुंब सुट्टीवर मुंबईला गेले होते. जायच्या आधी त्यांनी मंडळींना पत्रक पाठवलं होतं, की मच्छरदाण्या आफ्रिकेत पोचल्या आहेत. ते खोटं नव्हतं.

ऑगस्टातल्या एका सकाळी आठ वाजता इद्रीस लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या भावाचा सिंगाहून फोन आला होता.

"आमना गेली," ते म्हणाले. "ताप. चार दिवस. बाळही."

मी म्हटलं, तुम्ही घरी जा. ते म्हणाले, बाहेर माणसं बसली आहेत. आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मी दिवसभर ऐकत होते, प्रत्येक पेशंटला तोच हलका प्रश्न, काय होतंय, कधीपासून.

अकराच्या सुमाराला टिपणीसांना ड्रायव्हरने धरून आत आणलं. मुंबईहून येऊन आठ दिवस झाले होते. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ते दोन ब्लँकेटांत कुडकुडत होते, दात वाजत होते. मी बोट टोचून रक्त घेतलं. स्लाइड रंगवली, लावली, आणि पाहायला लागल्यावर मला शोधावंही लागलं नाही. लाल पेशींत बारीक अंगठ्या, बाबांनी दाखवल्या होत्या तशाच. खरं सांगते, मला पहिल्यांदा हसू आलं. नंतर लाज वाटली, पण आधी हसूच आलं.

रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा ते खाटेवर होते आणि इद्रीस त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून उभे होते. मी म्हटलं, मलेरिया आहे. टिपणीसांनी डोळे उघडले. इद्रीस गोळ्या आणायला वळले तसं त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मिसेस घोडके, हे बाहेर जायला नको. निधीचा अध्यक्ष मी. लोक काय म्हणतील? व्हायरल म्हणू या."

"रिपोर्ट जो आहे तो आहे," मी म्हटलं. "मी गावभर सांगत फिरणार नाही."

इद्रीस परत आले. टिपणीसांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवलं, गोळ्या दिल्या, पाण्याचा पेला स्वतः तोंडाशी धरला. पाणी हनुवटीवर ओघळलं ते पुसलं. टिपणीस परत आडवे झाले. जरा बरं वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "डॉक्टर, आपल्या जाळ्या आता सगळ्या वापरात असतील, नाही?"

मी इद्रीसकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगतील.

"इंशाल्ला," इद्रीस म्हणाले, आणि त्यांनी ब्लँकेट टिपणीसांच्या खांद्यापर्यंत ओढून दिलं.

आठवड्याने टिपणीस पुन्हा रक्त तपासायला आले. कोट नव्हता. जरा वाळले होते. रक्त साफ होतं. मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि मग मला राहवलं नाही. इद्रीसनी सांगितलं नाही, तो त्यांचा स्वभाव. मी बार्शीची आहे.

"मच्छरदाण्या सिंगाच्या गोदामात आहेत," मी म्हटलं. "रस्ता बंद झाला. आमना गेली. तुम्ही ताप घेऊन आलात त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांना कळलं होतं."

"आमना कोण?"

त्यांनी हे खरोखरच विचारलं. इद्रीसनी त्यांच्याच दिवाणखान्यात बसून तिचं पत्र वाचलं होतं. मी सांगितलं, डॉक्टरांची बहीण, सुईण, पोटुशी, जिच्यासाठी हे सगळं. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण रिसेप्शनवरच्या मुलीने मान वळवून पाहिलं. मी आणखीही बोलणार होते, एप्रिलच्या बोटीबद्दल आणि पट्ट्यांबद्दल. पण पट्ट्यांपाशी आल्यावर माझा मलाच अडथळा झाला.

टिपणीसांनी रिपोर्टची घडी घातली. ते बाहेर गेले, पण जिन्याकडे नाही. इद्रीसच्या खोलीबाहेर जो लांब बाक होता त्यावर जाऊन बसले. माझ्या लॅबच्या काचेतून तो बाक पूर्ण दिसायचा. बाकावर नेहमीची माणसं होती, साइटवरचे मजूर, एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी शेजारच्या माणसाला पुढे जायला सांगितलं. मला वाटलं, शब्द जुळवताहेत. मग परत त्यांची पाळी आली, परत त्यांनी दुसऱ्याला पाठवलं. "आप जाइये, मुझे जल्दी नहीं है." असं पाच-सहा वेळा झालं. लोक त्यांना दुवा देऊन आत जात होते.

एक वाजला. आमचा दवाखाना एक ते चार बंद असायचा. बाक रिकामा झाला, फक्त टिपणीस राहिले. रिसेप्शनवरच्या मुलीने अर्धे दिवे घालवले. इद्रीस खोलीतून बाहेर आले, नमाजाला निघाले होते. टिपणीस उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. मी काचेआडून पाहत होते, मला त्यांचे ओठ दिसत होते, आणि ते नुसतेच हलत होते.

इद्रीस थांबले. त्यांनी पालथा हात टिपणीसांच्या कपाळाला लावला, मग मानेला.

"खलास, ताप गेला," ते म्हणाले. "पण गोळ्या पूर्ण करा. अर्धवट सोडू नका."

आणि ते जिना उतरून गेले. टिपणीस तिथेच उभे होते. मी बाहेर जायला हवं होतं, निदान त्यांच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. मी सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं, पर्स घेतली आणि मागच्या दाराने घरी गेले.